सातव्या चित्रातला डोंगा

१७ मे. आज पेट्या उन्हात काढल्या. पावसाळ्याआधी हे काम मी दरवर्षी याच आठवड्यात उरकते. सकाळी साडेसहाला अंगणात जुनी चादर अंथरायची, दोन्ही लोखंडी पेट्या रिकाम्या करायच्या, तळाला टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, वाळलेला कडुनिंबाचा पाला पसरायचा आणि नऊच्या आत सगळं परत भरायचं. उधई, म्हणजे वाळवी, एकदा कागदाला लागली की वरून काही कळत नाही. गठ्ठा जसाच्या तसा दिसतो आणि उचलायला गेलं की हातात माती येते.

पेट्यांमध्ये विशेष काही नाही. आरोग्य खात्यासाठी काढलेले जुने तक्ते आहेत. मी तीस वर्षं चित्रं काढून पोट भरलं, आणि त्यातली निम्मी वर्षं हात धुतले. म्हणजे तक्त्यांवर. जेवणाआधी हात धुणारी बाई, शौचानंतर हात धुणारा मुलगा, बाळाला घेण्याआधी हात धुणारी आजी. माझ्याइतके स्वच्छ हात चंद्रपूर-गडचिरोलीत कोणाचे नसतील. त्याखाली सुधाकरचं कंपनीतलं पिवळं हेल्मेट आहे. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता तो. गेला त्याला सहा वर्षं झाली. हेल्मेट टाकून द्यायचं दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी ते पुसून परत ठेवते. गडचांदूरला चित्रं काढायचं टेबल दिवसातून दोनदा पुसावं लागायचं, नाहीतर रंगात धूळ मिसळायची. इथे सावली गावात, वडिलांच्या या दोन खोल्यांत, धूळ नाही. तरी मी दोनदा पुसते. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं जातात.

रस्त्यावरून सकाळपासून गाड्या चालल्या आहेत. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. मागच्या हौद्यात बायका, त्यांच्या मांडीवर भाकरीची गाठोडी, सगळ्या धानोऱ्याच्या बाजूला निघालेल्या. परतीच्या गाड्या गेल्या की रस्त्यावर एक वास राहतो, चहापत्ती आणि तंबाखू यांच्या मधला. हा वास वर्षातून पंधरा दिवस येतो. मी खिडकी लावत नाही आणि मुद्दाम उघडतही नाही.

पण या वर्षी पेटी उघडताना माझं लक्ष एका पुस्तकाकडे होतं.

पुण्याच्या एका प्रकाशनाने गेल्या दिवाळीत मला फोन केला होता. संपादक मुलगी, मृणाल तिचं नाव. ती म्हणाली, आम्ही दहा चित्रकारांना विचारतोय, लहानपणी सर्वांत आवडलेलं एक पुस्तक निवडा आणि त्याची चित्रं नव्याने काढा, तुमच्या मनात होती तशी. मला ही कल्पना जरा लाडिक वाटली. पण काम होतं, आणि हात धुण्याचं नव्हतं. मी ‘मंजूची होडी’ सांगितलं. पातळसं पुस्तक, अकरा चित्रं. मंजूचे आजोबा नदीपलीकडे आजारी असतात, नावाडी जागेवर नसतो, पूर आलेला असतो, आणि मंजू एकटी होडी घेऊन पलीकडे जाते. लिहिणारे आणि चित्रं काढणारे दोघेही केव्हाच गेले. मृणालने कुठूनतरी एक प्रत शोधली, वारसांची परवानगी आणली आणि मला पानांचे फोटो पाठवले. मी त्यावरूनच काम केलं. माझी स्वतःची प्रत पेटीत असल्याचं मला माहीत होतं. काढली नाही. पेट्या मे महिन्यात उघडायच्या असतात.

आम्हा दहा जणांचा मोबाइलवर एक गट होता. बाकीच्यांना मी पाहिलेलं नाही, पण त्यांची चित्रं येत राहायची. कोल्हापूरच्या एकाने गोष्टीतले सगळे प्राणी निळे केले होते, कारण त्याच्या लहानपणीच्या प्रतीवर दौत सांडली होती आणि त्याला वर्षानुवर्षं वाटत होतं की गोष्टीतलं जंगल निळंच आहे. रत्नागिरीकडच्या एका बाईच्या चित्रांमध्ये राजाच नव्हता. तिच्या भावाने राजाचं पान फाडून पतंगाला लावलं होतं. ती म्हणाली, मी राजाला कधी पाहिलंच नाही, आता कुठून आणू? मला हे वाचून हसू आलं आणि पटलंही. आवडलेलं पुस्तक नव्याने काढायला बसलेला माणूस पुस्तक काढतच नाही. आपण ते कुठे बसून वाचलं, तेव्हा अंगाला काय टोचत होतं, शेजारी कोण होतं, हेच काढतो. मृणालला वाटत होतं आमची कल्पनाशक्ती बहरली आहे. आम्ही सगळे आपापली सांडलेली दौत काढत होतो.

माझ्या शेजारी कोण होतं, याचा विचार मी तेव्हाही केला नाही.

सातवं चित्र सर्वांना आवडलं. मूळ पुस्तकात सातव्या पानावर होडी पुराच्या मधोमध आहे. दोन्ही टोकं वर वळलेली, साबणाच्या डबीसारखी, मध्ये एक शीड, आणि फ्रॉक घातलेली मंजू हात पसरून उभी. होडीचं तोंड सरळ पलीकडच्या काठाकडे. मी ते सगळं काढून टाकलं. माझी होडी लांब, बुटकी, एका लाकडात कोरलेली. मंजू मागच्या टोकाला गुडघे जवळ घेऊन बसलेली, पाठ वाकलेली. आणि होडीचं तोंड पलीकडे नाही. काठाच्या कडेकडेने प्रवाहाच्या उलट, वर. डाव्या बाजूला पाण्यातून तीन बारीक उभ्या रेघा येतात. त्या कशाच्या हे मला सांगता आलं नसतं. चित्राची ती बाजू रिकामी वाटत होती म्हणून आल्या, असं मी समजले.

मृणालने त्याच दिवशी फोन केला. म्हणाली, “कुंदाताई, हेच मुखपृष्ठावर घेऊया. ती समोर जायचं सोडून वर का चाललीय, हे बघणाऱ्याला कळत नाही आणि नजर हलत नाही.” तीस वर्षांत माझ्या चित्राबद्दल इतकं कोणी बोललं नव्हतं. हात धुणाऱ्या बायकांबद्दल लोक फक्त पदराचा रंग बदला म्हणायचे. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी एकटीसाठी शिरा केला.

मग तिने सांगितलं, मुखपृष्ठामागच्या पानावर एक टिपण हवं आहे. शंभर शब्द. हे चित्र तुम्हाला कसं सुचलं. मी लिहिलंही. वैनगंगेजवळच्या गावात वाढल्यामुळे नदी माझ्या हातात आहे, वगैरे. आज संध्याकाळपर्यंत ते पाठवायचं होतं.

पुस्तक दुसऱ्या पेटीत, शाळेच्या दाखल्यांखाली निघालं. उधई नव्हती. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांच्या अक्षरात, चित्रकलेत पहिला नंबर म्हणून, माझं नाव आणि चौथी ब. चादरीवर बसून मी ते चाळलं. ऊन अजून तिरकं होतं. सातवं पान उघडलं तेव्हा छापलेल्या होडीच्या खाली, जिथे नुसतं पाणी होतं, तिथला कागद केसाळ झालेला दिसला. खोडरबराने खूप घासलं की होतो तसा. आणि तिरक्या उन्हात त्या केसाळ जागेत चरे पडलेले दिसले. बारीक सावल्या. एक लांब, एक वाकडी.

मी पेट्या तशाच उघड्या टाकून आत गेले. हे माझ्या कामातलं साधं तंत्र आहे. खोडलेली रेघ परत हवी असेल तर मऊ शिशाची भुकटी कापसावर घ्यायची आणि कागदावरून अगदी हलकी फिरवायची. दाबून काढलेली रेघ खोलगट असते, तिथे भुकटी पोचत नाही. आजूबाजूचं काळं होतं आणि रेघ पांढरी उरते.

पांढरी रेघ वर आली. लांब, बुटका डोंगा. मागच्या टोकाला गुडघे जवळ घेतलेली मुलगी, डोकं म्हणजे एक गोळा. डोंग्याचं तोंड वर. डाव्या बाजूला तीन उभ्या रेघा.

मी माझं चित्र शेजारी ठेवलं. फक्त माझं जास्त नीटनेटकं होतं.

आता तो हंगाम सांगायलाच हवा.

मी दहा वर्षांची होते. माझे वडील एका ठेकेदाराकडे उन्हाळ्यापुरते फळीमुन्शी असायचे. फळी म्हणजे गावाबाहेरची झाडून साफ केलेली मोकळी जागा, जिथे लोक तेंदूच्या पानांचे पुडे आणून देतात आणि ते रांगांनी जमिनीवर वाळत घालतात. त्या वर्षी धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी फळी होती. शाळेला सुट्टी, म्हणून आई आणि मीही गेलो. बक्षिसाचं पुस्तक मी पिशवीत घेतलं होतं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, त्याखाली वडिलांचं टेबल, टेबलावर लाकडी पेटी, आणि टेबलाखाली माझं घर.

लोक पहाटे रानात जायचे. सूर्य वर यायच्या आत पान तोडून परत यायचे, कारण नंतर पानही तापतं आणि माणूसही. मग दुपारभर जिथे सावली मिळेल तिथे घरंच्या घरं बसून पुडे बांधायची. सत्तर पानं, देठ एका बाजूला, सालीच्या दोराने गाठ. सगळ्यांची बोटं काळी. त्या काळ्या बोटांनी टेंभरं खायची, तेंदूची पिवळी फळं, चिकट आणि गोड. त्यांच्या बिया जिभेवर घोळवत बसायचं. संध्याकाळी फळीवर हिरव्या पुड्यांच्या रांगा लागायच्या, चार दिवसांत त्या तपकिरी व्हायच्या. आभाळात ढग आला की सगळी माणसं बोलणं थांबवून वर बघायची. वाळत्या पानावर पाऊस पडला की त्याच्यावर डाग पडतात आणि ते बिडीला चालत नाही.

पानं तोडायला नदीकाठची दोन-चार ढिवर, म्हणजे मासेमारांची, कुटुंबंही आली होती. मे महिन्यात तळी आटतात, जाळ्याला काम नसतं. त्यातल्या नत्थूभाऊंची मुलगी शेवंता. माझ्याच वयाची, शाळेत न गेलेली. ती पुडे बांधायला टेबलाजवळच्या सावलीत यायची. दुसऱ्या दिवशी माझ्या पुस्तकात डोकावली, तिसऱ्या दिवशी टेबलाखाली आली. मी वाचायची आणि ती पानं जुळवत ऐकायची. तिचे हात सत्तरला आपोआप थांबायचे. गोष्टीत कितीही पूर येवो, पुडा एकोणसत्तरचा किंवा एकाहत्तरचा झाला नाही.

वाचायला मी, चित्रं बघायला ती. सातव्या चित्रावर ती पोट धरून हसली.

“हा डोंगा बुडते,” ती म्हणाली.

मी म्हटलं, पुस्तकात बुडत नाही. मंजू पोचते.

“अशी उभी राह्यली तं आधी तेच पडते. अन् सरळ काऊन चालली? पुरात सरळ गेली तं सरळ खालीच जाईल, पार सिरोंच्याले. आधी काठाकाठानं वर जा लागते. लय वर. मंग सोडून द्यायचं, पाणीच पलीकडं नेते.”

मला राग आला. पुस्तक छापलेलं होतं आणि मला बक्षीस मिळालं होतं. मी म्हटलं, तुला येतं तर दाखव काढून.

पेन्सिल मी दिली. वडिलांनी आपल्या पेटीतली एक मला दिली होती, ती. शेवंताने ती मुठीत धरली, झाडू धरतात तशी. तिने आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. किती जोर लावायचा हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने सगळा लावला. जीभ बाहेर, नाकावर घाम, आणि छापलेल्या होडीच्या खाली कोऱ्या पाण्यात तिने तो डोंगा काढला. मुलगी बसवली. मग थोडा विचार करून बाजूला तीन रेघा मारल्या. मी विचारलं, हे काय? ती सांगणार होती. तेवढ्यात तिच्या आईने हाक मारली आणि ती पुडे घेऊन गेली.

मला चित्र आवडलं होतं. हे मी आज प्रथमच लिहिते आहे. मी ते बराच वेळ बघत बसले, आणि मला कळत होतं की चित्रकलेत पहिला नंबर आलेल्या मुलीला असं येत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने पुस्तक उघडलं. आई सातवी शिकलेली, आमच्या घराण्यात तेवढी शिकलेली पहिली बाई. छापलेल्या पुस्तकाला तिचा हात लागायचा तो आधी पदराला पुसून. बक्षिसाच्या पुस्तकात हे काळं गिचमीड बघून तिचा आवाज चढला. कोणी केलं? मी म्हटलं, शेवंतानं. तिच्याकडे पेन्सिल कुठून आली? आईने हे फळीवर विचारलं, पुडे द्यायच्या वेळी, चाळीस-पन्नास माणसं रांगेत उभी असताना. शेवंता माझ्यापासून दोन हातांवर होती.

मी म्हटलं, तिनं बाबांच्या पेटीतून घेतली.

मुन्शीच्या पेटीला हात लावला, या वाक्याचा त्या जागी अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. दहा वर्षांच्या मुलीला सगळं माहीत असतं. ज्या घरावर असा बोल आला, त्याचा पुडा दुसऱ्या दिवशी कोणी घेतला नसता. म्हणूनच शेवंताच्या आईने कोणी काही बोलायच्या आत तिला मारलं. सगळ्यांसमोर, हाताने, खूप. आम्ही तिला शिक्षा केली आहे, आता पुढे काही करू नका, असं ते मारणं होतं. मुलीला मारताना तिची नजर माझ्या वडिलांकडे होती.

शेवंताला एवढंच म्हणता आलं असतं की कुंदानं दिली. ती म्हणाली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. तिला नुसतं आश्चर्य वाटलं होतं, डोंगा सरळ चाललेला बघून वाटलं होतं तसं.

वडील पुढे झाले, म्हणाले, “जाऊ द्या बाई, पेन्सिलच तं हाय.” रांग परत चालू झाली. सगळे पांगल्यावर त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला. मी फ्रॉकच्या खिशातून पेन्सिल काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती बघितली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली. त्यानंतर ते तीस वर्षं जगले. या विषयावर आमचं कधीच बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खी दुपार मी खोडरबराने तो डोंगा घासला. पुस्तक वाचवायला नाही. ते दिसायला नको म्हणून. शेवंता फळीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून पुडे बांधत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, गारा पडल्या, रांगाच्या रांगा भिजल्या, आणि हंगाम तिथेच आटोपला. माणसं गाठोडी घेऊन निघाली. ढिवरांची कुटुंबं कोणत्या वेळी गेली ते मला कळलंही नाही.

आज दुपारी वीज गेली होती. कूलर बंद पडला की घर किती गप्प आहे हे कळतं. एरवी तो घरघर करतो आणि कोणीतरी असल्यासारखं वाटतं. मी टेबलापाशी बसून दोन्ही डोंग्यांकडे बघत होते. हैदराबादहून निखिलचा फोन आला. माझा मुलगा, रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत करतो. जेवलीस का, पाणी आहे का, इकडे ये, एकटी काय करतेस तिथे. मी सांगितलं, पेट्या काढल्यात. तो म्हणाला, हेल्मेट टाकलंस? मी म्हटलं, नाही. मग त्याची सुट्टी संपली.

एकटेपणाबद्दल लोक उगाच गूढ बोलतात. माझ्यापुरतं ते सोपं आहे. सुधाकर चांगला माणूस होता, मुलगा चांगला आहे, शेजारी वाईट नाहीत. पण मला मैत्रीण नाही. कॉलेजात नव्हती, गडचांदूरला नव्हती, इथेही नाही. एखादी बाई जवळ येऊ लागली की मी कामाचं काहीतरी काढते. आतापर्यंत मी याला स्वभाव म्हणत होते. आज टेबलाशी बसून मला वाटलं, टेबलाखाली एकदा जागा दिली आणि तिथे जे केलं, त्यानंतर मी ती जागा कोणाला दाखवलीच नाही. असेलही, नसेलही. अशा गोष्टींचं एकच कारण सापडलं की मी जरा सावध होते.

पण चित्राचं तसं नव्हतं. चित्र समोर होतं.

चार वाजता वीज आली. मी मृणालला फोन केला आणि टिपण देणार नाही म्हटलं. ती समजावू लागली. ताई, साहित्यिक नको हो, साधंच लिहा, मनात कसं आलं एवढंच.

“मनात आलं नाही,” मी म्हटलं. “दुसरीनं काढलेलं आहे. मी उतरवलं. मला आज कळलं.”

मग तिने फार जपून विचारलं की हा हक्कांचा प्रश्न आहे का, ही दुसरी कोण चित्रकार. मी सांगितलं, दहा वर्षांची मुलगी, एकच चित्र काढलेलं. मृणाल हुशार आहे, हसली नाही. म्हणाली, मग त्यांचं नाव द्यायला हवं आणि त्यांची परवानगी हवी. चार दिवस थांबू शकते. पूर्ण नाव काय त्यांचं?

मला पूर्ण नाव माहीत नव्हतं. गाव मात्र माहीत होतं. तिच्या गावाची पाटी लावलेली एसटी माझ्या घरासमोरून रोज दोनदा जाते. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. लहानपणी, मग माहेरपणाला आल्यावर आणि आता रोज मी ती पाटी वाचत आले आहे.

पेट्या संध्याकाळी भरल्या. उशीर झाला होता, पाला नीट पसरता आला नाही.

१८ मे. सकाळी पहिल्या एसटीने निघाले. पिशवीत जुनं पुस्तक, माझं सातवं चित्र पुठ्ठ्यात घालून, पाण्याची बाटली. गावात हातपंपावर दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांना विचारलं, नत्थूभाऊंची शेवंता. एक म्हणाली, कोणता नत्थू, इथी तीन हायत. मी म्हटलं, जो धानोऱ्याकडे पानाला जायचा. दुसरी म्हणाली, तो मेला, पण पोरगी पलीकडं दिली हाय, गडचिरोलीच्या अंगानं, काठावरच घर हाय. नातवंडवाली झाली. मग मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, “तुमी बँकेच्या का?”

पुलावरून गेलं तर लांबचा फेरा होता. घाटावर एक म्हातारेबुवा जाळं आटोपून डोंग्यातलं पाणी डब्याने उपसत होते. त्यांना भाऊ म्हणून हाक मारली, पलीकडे सोडाल का विचारलं. ते हो म्हणाले. मी आयुष्यात डोंग्यात बसले नव्हते. पाय टाकला आणि तो हलला तशी मी तोल सावरायला हात पसरून उभी राहिले.

“बसा बाई,” ते म्हणाले. “उभं नाई राहायचं.”

मी मागच्या टोकाला बसले. गुडघे आपोआप जवळ आले. पाणी उन्हाळ्याचं, उभं, हिरवट. डोंगा सरळच निघाला. मी विचारलं, पुरात कसं नेता? ते म्हणाले, पुराची गोष्ट येगळी. मग मी पुठ्ठ्यातून चित्र काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बांबू आडवा ठेवला, डोळ्यांवर हात धरून बघितलं. डोंगा आपोआप थांबला.

“हे बराबर हाय,” ते म्हणाले. “पुरात अस्संच. काठानं वर.” मग त्या तीन रेघांवर ओलं बोट न टेकवता, जरा वर धरून म्हणाले, “अन् हे जाळ्याचे बांबू. इथून वळवायचा. याच्या आधी वळवला तं गेला.”

चाळीस वर्षांपूर्वी ती हेच सांगणार होती.

त्यांनी विचारलं, कोणी काढलं, तुमी? नदीच्या मधोमध होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि तेही मला ओळखत नव्हते.

“शेवंतानं,” मी म्हटलं. “पेन्सिल मी दिली होती.”